दादांचा पासवर्ड

मी जालन्यात एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात मेलचा सर्व्हर सांभाळतो. लग्नाकार्यात कोणी विचारलं आणि मी हे सांगितलं की समोरच्याला वाटतं मी रॉकेट उडवतो, आणि माझी आई त्यात तिखटमीठ लावते. खरं काम असं आहे: संस्थेच्या सगळ्या शाळांत मिळून जेवढे मास्तर, बाई आणि कारकून आहेत त्या प्रत्येकाचं मेलचं एक खातं असतं. नवा माणूस लागला की ते उघडायचं, निवृत्त झाला की बंद करायचं, आणि मधल्या काळात तो जितक्यांदा पासवर्ड विसरेल तितक्यांदा नवा द्यायचा. पोस्टमन तरी बरा, त्याला गावभर हिंडायला मिळतं. मी खिडकीच्या आत आणि मास्तर खिडकीच्या बाहेर.

वर्गात पन्नास पोरांना चूं करू न देणारा माणूस माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारतो, ‘ते ॲट कुठून काढायचं हो?’ तीर्थपुरीच्या एका सरांनी पुतणीच्या लग्नाला जाताना ‘मी बाहेरगावी आहे, आल्यावर उत्तर देतो’ असं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं आणि काढायचं विसरले. पुतणीचं डोहाळजेवण आलं तरी सर्व्हरच्या लेखी सर बाहेरगावीच. हसनाबादच्या कारकुनाने तर शाळेतल्या सगळ्यांचे मेल स्वतःच्या मोबाइलवर वळवून घेतले होते. जाब विचारला तर म्हणाला, ‘कोणी उघडतच न्हाई, मंग मीच बघून राह्यलो.’ त्याच्यावर मी इतका ओरडलो की शेजारच्या टेबलावरचे बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य कारकून, चहा सांडून उठले. मी तापट आहे. वयाने बापासारख्या माणसांवर मी खिडकीतून खेकसलो आहे, आणि त्यातल्या एकानेही मला उलट उत्तर दिलं नाही, कारण मी एका मास्तरांचा मुलगा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ते मास्तर म्हणजे आमचे दादा. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. संस्थेच्या बदनापूरच्या शाळेत ते इतिहास शिकवत. फळ्यावरचं त्यांचं अक्षर असं की मधली सुट्टी झाली तरी पुढच्या तासाच्या बाई ते पुसायला कचरायच्या. आयुष्यात त्यांनी कोणापुढे शब्द टाकला नाही. एकदाच टाकला, माझ्यासाठी, सचिव साहेबांपुढे, आणि मला ही नोकरी लागली. नोकरी कराराची. दरवर्षी करार नव्याने करायचा, आणि साहेबांच्या मनात नसलं तर नाही करायचा.

आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मला मिशी फुटली तेव्हापासून मी आणि दादा एकमेकांशी थेट बोलत नाही. भांडण मुळीच नाही. आमच्याकडे जाणता मुलगा बापाशी तोंड वर करून बोलत नाही, बापही त्याला समोर बसवून गप्पा मारत नाही. जे काय असेल ते आईमार्फत. ‘त्याला म्हणा, पाऊस येऊन राह्यलाय, गाडी आत घे.’ ‘दादांना सांग, मी जेवून आलोय.’ दोघं एकाच खोलीत बसलेलो असतो, तरी आई मधून निरोप नेते आणि आणते. निरोप नेताना ती तो आपल्या अकलेप्रमाणे कमी-जास्त करते, हे आम्हा दोघांनाही माहीत असतं आणि चालून जातं. शेजारच्या घरातही असंच आहे, त्यामुळे यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एकदा बदनापूरच्या शाळेला पाठवलेले मेल परत येऊ लागले. एका खात्याची जागा भरली होती. ते खातं दादांचं निघालं. जागा वाढवून द्यायची म्हणून मी त्यांच्या खात्याचं पान उघडलं. त्या पानावर माणसाचं सगळं असतं: नाव, पत्ता, जागा किती, मेल कुठे वळवला आहे का, आपोआप उत्तर लावलं आहे का. पासवर्ड मात्र दिसत नाही. तो मला बदलता येतो, वाचता येत नाही. आणि त्याच्याच खाली एक ओळ असते, शेवटचं लॉगिन. दादांच्या पानावर तिथे लिहिलं होतं: कधीच नाही.

मला पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच घामही फुटला. दादा घरी आईला सांगायचे, ‘आज संस्थेचा मेल आल्ता,’ ‘मेलचं उत्तर देऊन टाकलं.’ म्हणजे शाळेचा कारकून कागद छापून त्यांच्या हातात ठेवत होता, दादा कागदावर सही करत होते, आणि त्यालाच मेल म्हणत होते. मी जगाला ओरडत होतो आणि माझ्या बापाने आपलं खातं एकदाही उघडलं नव्हतं. मी जागा वाढवली आणि पान मिटलं. घरी आईला काही बोललो नाही. मला दादांची लाज वाटली. हे लिहायला नको वाटतं, पण जे वाटलं ते हेच.

उन्हाळा लागायच्या आधी सचिव साहेबांचं डोकं फिरलं. पाठवलेली परिपत्रकं कोणी वाचतच नाही, परीक्षेच्या एका सूचनेचा बट्ट्याबोळ झाला होता. त्यांनी फर्मान काढलं की शनिवारी मुख्य कार्यालयाच्या सभागृहात सगळ्या शाळांची मीटिंग, आणि प्रत्येक शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकाने सर्वांसमोर, पडद्यावर, आपलं खातं उघडून एका मेलला उत्तर देऊन दाखवायचं. त्यात बदनापूरचे मुख्याध्यापक त्याच महिन्यात निवृत्त होत होते आणि ज्येष्ठतेप्रमाणे पदभार दादांकडे येणार होता. दादांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती त्या खुर्चीत जावीत अशी त्यांची फार इच्छा होती, त्यांनी बोलून दाखवली नव्हती तरी. आई दाखवायची. तिने त्यांच्यासाठी पांढऱ्या शर्टाचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. साहेबांनी फर्मानाच्या शेवटी लिहिलं होतं, ज्याला स्वतःचा मेल उघडता येत नाही त्याच्या हातात शाळा देता येणार नाही.

ते परिपत्रक सगळ्यांना पाठवायचं काम माझंच होतं. दादांच्या खात्यावरही ते मीच पाठवलं.

आता माझी अक्कल ऐका. मी ठरवलं की दादांना वाचवायचं. मीटिंगचा लॅपटॉप माझ्या ताब्यात असणार होता. त्यात दादांचं खातं आधीच उघडून, खाली दडवून ठेवायचं, आणि त्यांची पाळी आली की वर आणायचं. दादांनी फक्त समोर दिसणारं बटण दाबायचं, दोन शब्द लिहायचे, संपलं. अडचण एकच होती. खातं उघडायला पासवर्ड लागतो, आणि त्यांचा पासवर्ड मला माहीत नव्हता. पहिला पासवर्ड कारकुनाने कधीकाळी लावला असेल, दादांना तरी कुठे आठवत असणार, असं मी धरून चाललो. म्हणून शुक्रवारी दुपारी बडे बाबू जेवायला गेल्यावर मी त्यांचा पासवर्ड बदलला.

यात नियम मोडत होता. खातेदार स्वतः येऊन बडे बाबूंसमोर कारण सांगत नाही तोवर कोणाच्या पासवर्डला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. माझ्या आधीच्या मुलाने एका बाईंचं खातं असंच त्यांना न विचारता उघडलं होतं. त्याला साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं. पण बापाचं खातं, त्याला कसला नियम, असं मी स्वतःला म्हटलं. पान उघडलं, बदलाचं बटण दाबलं, पान मिटलं. सगळं घाईत, दाराकडे बघत.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला निरोप दिला, ‘दादांना सांग, उद्याची काळजी करू नका. मी खातं उघडूनच ठेवणार आहे, त्यांनी नुसतं बटण दाबायचं. पासवर्डबिसवर्ड काही टाकायचा नाही.’ दादा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आई गेली आणि परत आली.

‘सांगितलं?’

‘सांगितलं. काळजी करू नका म्हणलं.’

‘आणि बाकीचं?’

‘बाकीचं काय ते बटणाफिटणाचं मला न्हाई जमलं सांगायला. पण ते हसले रे. म्हणले, त्याला म्हणा, मला कशाची काळजी?’

मला वाटलं, बघा, म्हातारा उसनं अवसान आणतोय. पाच पावलांवर ते बसलेले होते. उठून जाऊन मी एवढंच म्हणायचं होतं की दादा, तुमचा पासवर्ड बदललाय. गेलो नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती, आणि खरं म्हणजे त्यांना मेल उघडता येत नाही हे मला कळलंय, हे त्यांच्या तोंडावर आणायची मला हिंमत नव्हती.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पडद्याच्या बाजूला टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. साहेब हातात माइक घेऊन उभे. तीर्थपुरीच्या बाई आल्या, त्यांनी झटपट खातं उघडून उत्तर दिलं, टाळ्या पडल्या. हसनाबादच्या सरांना उत्तर द्यायचा वळलेला बाण सापडेना, थोडं हसू झालं, पण जमलं. मग साहेब म्हणाले, ‘बदनापूर.’

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते पायऱ्या चढून येईपर्यंत मी दडवलेलं खातं वर आणलं. पडद्यावर त्यांच्या मेलची यादी उमटली. मी उठून त्यांना खुर्ची दिली. ते बसले, चष्मा सारखा केला, आणि पडद्याकडे न बघता लॅपटॉपच्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे बारीक अक्षरांत खातेदाराचं नाव असतं. तिथे बघायचं असतं हे शंभरातल्या नव्वदांना मी ओरडून सांगूनही माहीत नाही.

‘हे तर उघडंच हाय,’ ते म्हणाले. ‘माझंच हाय हे. कोणी उघडलं?’

माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. मी खाली मान घालून पुटपुटलो, ‘असू द्या दादा, बटण दाबा.’ पण ते साहेबांकडे वळले होते. ‘असं न्हाई साहेब. पहिल्यापासून करून दाखवतो.’ आणि त्यांनी कोपऱ्यातल्या नावावर बाण नेला, यादी उघडली आणि खातं बंद केलं. अगदी सफाईने.

आता समोर कोरी चौकट होती. दादांनी आपला पत्ता टाइप केला, एका बोटाने, पण बोट कुठेही शोधाशोध न करता. मग पासवर्ड. एकेक ठिपका पडद्यावर उमटत गेला. एंटर. लाल अक्षरात आलं, पासवर्ड चुकीचा आहे.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. माइकही लागला नसता, कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण पडद्यावर सगळं सभागृह बघत होतं, साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी बोललो असतो तर मी नियम मोडला हेही बाहेर आलं असतं. मी गप्प बसलो.

दादांनी चष्मा काढून पुसला. ‘कॅपिटल तर न्हाई ना लागलं?’ असं स्वतःशीच म्हणत त्यांनी ते बटण तपासलं. लागलेलं नव्हतं. पुन्हा ठिपके. पुन्हा लाल अक्षरं. सभागृहात मागून कोणीतरी खोकलं. तिसऱ्या वेळी ते ओठ हलवत एकेक अक्षर मोजून टाइप करत होते, आणि मला कळून चुकलं होतं की ती अक्षरं अगदी बरोबर असणार आणि तरीही चुकीची ठरणार आहेत. तीनदा चुकलं की खातं कुलूपबंद होतं. हा नियम मीच लावला होता, त्या हसनाबादच्या कारकुनावरच्या रागात.

‘काय मास्तर,’ साहेब माइकवर म्हणाले, ‘घरात मेलवाला, आणि दिव्याखाली अंधार?’

सभागृह हसलं. दादा उभे राहिले. ‘येतंय साहेब मला. कालच उघडलं व्हतं.’

‘काल उघडलं आणि आज विसरलात?’ यावर आणखी मोठं हसू.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. बराच वेळ अडलेलं गणित सुटल्यावर माणूस पाहतो तसं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, ‘चुकलं असंल माझंच,’ आणि पायऱ्या उतरून आपल्या जागेवर जाऊन बसले. पुढच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. मी दादांना दिलेली खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली, कारण काहीतरी करायला पाहिजे होतं.

मीटिंग संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा दादांच्या शाळेतले उर्दूचे सर आले. दादांचे जुने जोडीदार, रोज एका बाकावर डबा खाणारे. लहानपणी ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शिरखुर्म्याचं भांडं यायचं. ते मला अजूनही बेटाच म्हणतात.

‘बेटा, मशीनमधी कुछ गडबड हाय का?’

मी म्हटलं, ‘का हो सर?’

‘अरे, तुझे दादा जानेवारीपासून शिकून राह्यलेत. मीच शिकवलं ना. रोज मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. पैले पैले तर माउस हातातून निसटायचा. आता माझ्यापेक्षा जल्दी उघडतात. उघडं दिसलं तर पैले बंद करा, मंग आपलं उघडा, हे बी मीच सांगितलं. कालपर्यंत एकदम बराबर व्हतं.’

मी विचारलं, ‘मग घरी का नाही बोलले? मला विचारलं असतं तर…’

‘मी बोललो ना, पोराला इचारा, पोरगा त्याच कामावर हाय. तर म्हणले, न्हाई, त्याला मीटिंगमधीच बघू द्या.’

ते गेल्यावर मी लॅपटॉपवर दादांच्या खात्याचं पान उघडलं. शेवटचं लॉगिनच्या पुढे आजची सकाळ होती, म्हणजे मी स्वतः उघडलेलं. ती ओळ उघडली की मागची सगळी दिसतात. शुक्रवार सकाळ, शाळेच्या मधल्या सुट्टीची वेळ. गुरुवार, बुधवार, मंगळवार, खाली जावं तितकी. शुक्रवारी दुपारी मी ज्या बटणावर बोट ठेवलं होतं त्याच्या अगदी खाली ही ओळ होती. मला ती वाचायची गरज वाटली नव्हती. माझ्या बापाला काय येतं ते मला माहीत होतं ना.

त्या रात्री दादा जेवले, हात धुतले आणि पेपर घेऊन बसले. आई माझ्याजवळ आली, ‘काय झालं रे तिथं? ते बोलंनात.’ मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, ‘त्यांना सांग, मी सोमवारी साहेबांकडे जातो. माझ्यामुळं झालं म्हणून सांगतो.’ आई गेली. या वेळी बराच वेळ लागला. परत आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती, पण निरोप तिने पूर्ण आणला, एक शब्द न गाळता.

‘ते म्हणतात, गप बस म्हणा त्याला. आधीचा पोरगा कशापायी गेला ते इसरला का? माझी दोन वर्षं राह्यलीत, त्याची सगळी नोकरी राह्यलीय.’

मी गप्प बसलो. रविवार घरातच काढला. दादांनी मना केलं म्हणून मी जात नाही, असं मी दिवसभर मनाशी घोळवत होतो. पण खरं असं की तो निरोप ऐकल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. पासवर्ड बदलण्याची लाज एकवेळ पचेल, तीनदा गप्प बसण्याचीही पचेल. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला आजही पचलेली नाही.

सोमवारी सकाळी खिडकीशी नेहमीसारखी रांग होती. मी मान खाली घालून एकेकाचं काम करत होतो. पुढचा कोण म्हणून वर पाहिलं तर दादा. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, बाकीच्या मास्तरांच्या मागे रांगेत उभे राहून आले होते. नियमाप्रमाणे ते आधी बडे बाबूंकडे वळले.

‘या मास्तर,’ बडे बाबू म्हणाले. ‘खातं कुलूपबंद झालं न्हाई का. कारण काय लिहू?’

‘इसरलो.’

‘पासवर्ड कोणी बदलल्याबिदलल्याचा संशय?’

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. ‘बाबू, ते…’

‘तू तुझं काम कर,’ दादा म्हणाले. माझ्याशी, थेट. मग बडे बाबूंना म्हणाले, ‘न्हाई न्हाई, संशय कशाचा. वय झालं. डोक्यात राहत न्हाई आता.’

रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बडे बाबूंनी तसंच लिहून घेतलं, ‘विस्मरण,’ आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी कुलूप काढलं. नवा पासवर्ड खातेदाराने खिडकीजवळच्या मशीनवर स्वतः टाकायचा असतो, त्या वेळी मी तोंड फिरवायचं असतं. मी तोंड फिरवलं. मागे बटणांचा आवाज येत होता, सावकाश, न थांबणारा.

आवाज थांबल्यावर मी वळलो. खातं उघडलं होतं. सगळ्यात वर सकाळीच आलेला मेल होता, ठळक अक्षरांत, न वाचलेला. बदनापूर शाळेचा पदभार दादांच्या खालोखाल ज्येष्ठ असलेल्या सरांकडे देण्यात येत आहे. तो मेल सगळ्या शाळेला होता, दादांनाही. पाठवणाऱ्याने खाली लिहिलं होतं, वाचल्याचे उत्तर द्यावे.

दादांनी तो आदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत. मी काचेच्या अलीकडे बसलो होतो. काच फोडून बाहेर यावंसं वाटत होतं, आणि मी बसूनच होतो. त्यांनी उत्तराचं बटण दाबलं. मराठी अक्षरं निवडली, तीही त्यांना येत होती. आणि एका बोटाने लिहिलं, ‘आदेश मिळाला. नव्या मुख्याध्यापकांचे अभिनंदन.’ वेलांटी चुकली होती, ती मागे जाऊन दुरुस्त केली. पाठवलं. मग कोपऱ्यातल्या नावावर बाण नेऊन खातं बंद केलं, कोरी चौकट परत आली का ते नीट पाहिलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘बघितलंस ना?’

‘बघितलं, दादा.’

ते स्टुलावरून उठले, पिशवी खांद्याला लावली, आणि मागे ताटकळलेल्या बाईंना म्हणाले, ‘बसा. माझं झालं.’